मोटरहोम पोचवण्याचं कंत्राटी काम : दर बरा, परतीचं तुमचं तुम्ही बघा

अमेरिकेतल्या बहुतेक मोटरहोम (म्हणजे चाकांवरची घरं) आणि राहायचे ट्रेलर इंडियाना राज्यातल्या एल्कहार्टच्या आसपास बनतात. त्या कारखान्यातून डीलरपर्यंत नेणाऱ्या कंपन्याही तिथल्याच. त्यातल्या एका कंपनीचा मी कंत्राटी ड्रायव्हर. तक्रार आहे, म्हणून नाव लिहीत नाही.

जाहिरातीत मैलामागचा दर ठळक छापतात. तो गाडी डीलरच्या दारात लागेपर्यंतच्या मैलांचा. पेट्रोल माझं, मोटेल माझं, परतीचं तिकीटही माझंच. घरच चालवत नेतोय, पण त्यात झोपायचं नाही, संडास वापरायचा नाही, शेगडीला हात लावायचा नाही; माल कोरा पोचला पाहिजे. या कंपनीचा मोठा गुण असा की मोटरहोममागे स्वतःची छोटी गाडी बांधून नेऊ देतात. तीच चालवत परत यायचं. 2025 मध्ये धंद्यासाठी चालवलेल्या अशा मैलांना आयआरएसचा, म्हणजे तिथल्या कर खात्याचा, दर मैलामागे 70 सेंट होता, तेवढं करपात्र उत्पन्नातून वजा व्हायचं. ही सोय नसेल तर लांबची फेरी घेण्याआधी परतीच्या विमानाचं भाडं बघा. कर कंपनी कापत नाही. वर्षाअखेर 1099 हा कमाईचा फॉर्म हातात येतो आणि 15.3 टक्के स्वयंरोजगार कर आपला आपण भरायचा, आयकर वेगळा.

फेऱ्या वाटून देणाऱ्या डिस्पॅचर बाई मात्र सोनं. वायोमिंगमध्ये आय-80 महामार्गावर वारा सुटला की उंच, हलक्या गाड्यांना रस्ताच बंद करतात. तिथल्या रॉलिन्स गावात अडकलोय म्हटलं तर त्या फक्त डीलरला फोन करतात, माझ्यामागे लागत नाहीत. थांबल्याचे पैसे मिळत नाहीत, ते सोडा. या कामाला चालवलेल्या तासांच्या इलेक्ट्रॉनिक नोंदीची सक्ती नाही, पण एका पाळीत 11 तासच चालवायची मर्यादा आहेच, आणि इथे कागदी वही खरंच तपासतात.

आता तक्रार. डीलरने दाराजवळचा नखाएवढा ओरखडा दाखवला आणि कंपनीने मला न विचारता माझ्या बिलातून पैसे कापले. ओरखडा यार्डातलाच, म्हणजे गाडी जिथून उचलतो तिथलाच होता. निघण्यापूर्वीचा फोटो माझ्याकडे होता, तो त्याच दिवशी पाठवला. पैसे परत आले, पण पुढच्या हंगामात. तेव्हा इथे येणार असाल तर छपरासकट सगळ्या बाजूंचे फोटो काढल्याशिवाय यार्डातून चाक हलवू नका, मागे कितीही गाड्या खोळंबल्या तरी.

पाचपैकी तीन तारे. डिस्पॅचर बाई सोडून गेल्या तर दोन.