सकाळच्या उजेडात बागेचे छायाचित्रण: महाराजबाग की जपानी गार्डन?

सुटीची एकच सकाळ हाताशी असेल आणि नागपुरातल्या एखाद्या रचलेल्या बागेची छायाचित्रे काढायची असतील, तर महाराजबाग आणि सेमिनरी हिल्सवरील जपानी गार्डन ही दोन ठिकाणे प्रथम विचारात घ्यावीत. दोन्ही देखणी आहेत; परंतु सकाळचा उजेड दोन्हीकडे निरनिराळ्या रीतीने उतरतो, आणि निवड त्यावरूनच करावी, असे माझे मत आहे.

जपानी गार्डन टेकडीवर असल्याने तेथे कोवळे ऊन लवकर पोहोचते. तिरप्या उन्हामुळे झुडपांची लांब सावली हिरवळीवर पडते, पाऊलवाटेचे वळण उठून दिसते, म्हणजे बागेची आखणी हाच विषय असेल तर ही जागा सरस ठरते. अडचण वेळेची आहे. नागपुरात सूर्योदय जानेवारीच्या मध्यावर ६.५० च्या सुमारास आणि जूनच्या आरंभी साडेपाचच्या सुमारास होतो. त्यानंतर सूर्य तासाला साधारण १३ अंश चढत असल्यामुळे सोनेरी छटा अर्ध्या-पाऊण तासातच विरते. तेव्हा चौकट आधीच ठरवून, वाइड अँगल, म्हणजे रुंद दृश्य टिपणारी, लेन्स लावून उजेडाची वाट पाहणे श्रेयस्कर.

महाराजबाग भोसल्यांच्या काळातली, आज डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीतली, आणि तिचे खरे वैभव जुन्या, उंच वृक्षांत आहे. येथे ऊन उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी जमिनीवर येते, त्यामुळे सोनेरी रंगाचा बराच भाग निसटतो, हे मान्य करावे लागेल. पण थंडीच्या दिवसांत धुके असले, तर फांद्यांमधून उतरणारे किरण वेगवेगळे दिसू लागतात, आणि हे दृश्य टेकडीवरच्या मोकळ्या बागेत सहसा मिळत नाही. अशा वेळी सूर्याला झाडाच्या बुंध्याआड ठेवून, उजळ भागाप्रमाणे एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घ्यायच्या उजेडाचे प्रमाण, धरावे; सावल्या रॉ फाइलमधून (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ नोंदीतून) नंतर बऱ्याच उचलता येतात, जळालेला पांढरा भाग परत येत नाही. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर आणून दुर्वांवरच्या दवाकडे सूर्याच्या दिशेने पाहिले, की प्रत्येक थेंब पेटल्यासारखा दिसतो. येथे ७० ते २०० मिमीची, दूरचे जवळ आणणारी लेन्स अधिक उपयोगी पडते.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाशी कॅमेरा जुळवून घेणारी सेटिंग, दोन्हीकडे ऑटोवर न ठेवता डेलाइटवर ठेवावा, अन्यथा कॅमेरा उन्हाची ऊबच पुसून टाकतो. ओल्या पानांवरची चकाकी पोलरायझरने, म्हणजे लेन्सपुढे लावायच्या फिल्टरने, कमी होते, मात्र दीड-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा होणे) उजेड खर्ची पडतो. महाराजबागेच्या दाट सावलीत ही किंमत जड जाते, टेकडीवर ती सहज परवडते.

डिसेंबर-जानेवारीत जाणार असाल आणि एकच बाग निवडायची असेल, तर मी महाराजबाग सुचवीन. उन्हाळ्यात, किंवा पावसाळा सरल्यानंतरच्या स्वच्छ हवेत, जपानी गार्डनच बरे. ट्रायपॉड न्यायचा असेल तर प्रवेशद्वारावर आधी परवानगी विचारावी, आणि फिरायला आलेल्या ज्येष्ठांची वाट अडणार नाही अशा बेताने तो कडेला उभा करावा.