पायथन शिकताना छापील पुस्तक आणि अधिकृत डॉक्युमेंटेशन: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकण्यासाठी एक जाडजूड छापील पुस्तक आणि भाषेचे अधिकृत ऑनलाइन डॉक्युमेंटेशन (माहिती-पुस्तिका) मी काही महिने बरोबरीने वापरले. दोन्हींपैकी एकच निवडायचे झाल्यास, ज्याने यापूर्वी प्रोग्रामिंग केलेलेच नाही त्याने पुस्तक घ्यावे आणि ज्याला दुसरी एखादी भाषा चांगली येते त्याने पुस्तकावर खर्च करू नये, असे माझे मत झाले आहे.

पुस्तकाचे खरे मोल त्याच्या क्रमात आहे. कोणती गोष्ट इतक्यात सांगायची नाही, हे लेखकाने विचारपूर्वक ठरवलेले असते. लिस्ट (मूल्यांची यादी) आणि लूप (तीच कृती पुन्हा पुन्हा करवणे) अंगवळणी पडेपर्यंत माझ्या पुस्तकात क्लासचा (माहिती आणि तिच्यावरच्या क्रिया एकत्र बांधणाऱ्या साच्याचा) उल्लेखही येत नाही, आणि प्रकरणाअखेरचे स्वाध्याय तोवर शिकवलेल्या भागावरच सुटतात. डॉक्युमेंटेशनमधले ट्युटोरियलही सोपे सुरू होते. पण त्याचे चौथे प्रकरण 'इफ'पासून (अट तपासण्यापासून) निघून फंक्शन (नाव दिलेला कोडचा तुकडा), आर्ग्युमेंटचे (फंक्शनला दिलेल्या मूल्यांचे) सगळे प्रकार आणि लॅम्बडापर्यंत (बिननावाच्या छोट्या फंक्शनपर्यंत) एका दमात पोहोचते, तेव्हा नवख्याची दमछाक ठरलेली.

नेमकेपणात मात्र पुस्तक मागे पडते. मजकुराच्या उजव्या टोकाची अक्षरे काढणारी 'आरस्ट्रिप' ही मेथड पुस्तकाने एका वाक्यात उरकली आहे, आणि ते वाक्य वाचून कोणालाही वाटेल की दिलेला तुकडा शेवटून जसाच्या तसा कापला जातो. प्रत्यक्षात 'सरल.जल' या मजकुरावर ती चालवून '.जल' काढायला सांगितले, तर 'सरल' न उरता 'सर' उरते, कारण दिलेली अक्षरे सुटी धरली जातात आणि त्यांपैकी एखादे टोकाला असेपर्यंत छाटणी चालूच राहते. डॉक्युमेंटेशनमध्ये हे स्पष्ट लिहिलेले आहे, सोबत उदाहरण आहे, आणि शेवटचा तुकडा अखंड काढायचा असेल तर आवृत्ती ३.९ पासून आलेल्या 'रिमूव्हसफिक्स'चा निर्देशही आहे.

आवृत्तीची ही नोंद फार मोलाची ठरते. डिक्शनरीतील (किल्ली आणि मूल्य अशा जोड्यांच्या संग्रहातील) नोंदींच्या क्रमावर विसंबू नका, असे जुनी पुस्तके बजावतात आणि त्यांच्या काळी ते योग्यच होते, आवृत्ती ३.७ पासून मात्र नोंदी ज्या क्रमाने भरल्या त्याच क्रमाने मिळतील, याची हमी भाषाच देते. त्याहून जुन्या, पायथन २ वरच्या पुस्तकात पाचाला दोनाने भागल्यावर उत्तर २ येते, तर पायथन ३ मध्ये २.५. पायथन २ चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला, तरी अशी पुस्तके अजून हातोहाती फिरतात. म्हणून पुस्तक घेण्यापूर्वी ते कोणत्या आवृत्तीवर बेतलेले आहे, हे पाहावेच.

डॉक्युमेंटेशनची एक अडचण शेवटपर्यंत सुटली नाही: शोधायच्या गोष्टीचे नाव ठाऊक नसेल, तर शोधखिडकी फारशी कामाची नाही. दुव्यांमागून भरकटण्याचा धोकाही आहेच, तो वाचणाऱ्याच्या स्वभावावर सोडलेला बरा. संपूर्ण डॉक्युमेंटेशन उतरवून घेता येते, त्यामुळे इंटरनेट नसतानाही काम अडत नाही.

सध्या मी पुस्तक उघडतो ते क्लास आणि डेकोरेटर (फंक्शनच्या वागण्यात भर घालणारी सोय) यांवरच्या प्रकरणांपुरते. स्टँडर्ड लायब्ररीवरची (भाषेसोबतच येणाऱ्या तयार कोडच्या संचावरची) शेवटची प्रकरणे चाळून सोडून दिली, कारण डॉक्युमेंटेशनमध्ये नाही असे त्यांत काही सापडले नाही.