चिखलदऱ्याचं होमस्टे : कोणालेच जावाचं नव्हतं तरी नऊ जण गेलो

आधीच सांगतो, होमस्टेचं नाव लिहून नाही राहिलो, कारण जे काही बिनसलं त्यातलं निम्मं तं आमच्या घरूनच क्रूझरमध्ये बसून वर गेलं होतं आणि त्याचे स्टार त्या मालकाचे कापणं काही बरोबर नाही. तीन स्टार देऊन राहिलो. कसे ते वाचा, लांब आहे.

आम्ही आर्वी तालुक्यातले. मे चा तिसरा आठवडा, दुपारी अंगणात पाय ठेवता येत नाही, विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात त्यामुळे पोट्टे घरातच धिंगाणा घालून राहिले. नागपूरहून ताई, भाऊजी आणि भाचा आले होते. संध्याकाळी ओसरीत कूलर लावून सगळे मस्त पडलेले, टरबूज कापलेलं, भाऊजी पेपर वाचता वाचता पेंगून राहिले, म्हणजे कोणाची काही तक्रार नव्हती. आणि बाबा म्हणाले, "जवाईबुवा, चिखलदऱ्याले जाऊन येऊ का दोन दिवस?" भाऊजी लगेच, "चालते ना बाबा." ताई म्हणाली पोट्ट्यांनाही बरं होईल. बायको म्हणाली ताई म्हणतात तं जाऊ. मी मनात बियाण्याचा हिशोब करत होतो, खरीप तोंडावर आलेला, पण भाऊजी घरचे जवाई, ते हो म्हणाले म्हटल्यावर सासुरवाडीच्या लोकांनी नाही कसं म्हणायचं, मी गाडीवाल्याला फोन लावला. आईनं काहीच म्हटलं नाही, ती उठून पुऱ्यांचं पीठ मळायला गेली.

प्रवासाचं जास्त सांगत नाही, अमरावती, परतवाडा, धामणगाव गढी करत गेलो. घाटात गाडी गरम झाली, बोनेट उघडून अर्धा तास उभे. भाचा अमरावतीला बीए करून राहिला, मानसशास्त्र, त्याला अशा वेळी बोलायला फार येते. त्यानं जेरी हार्वे नावाच्या अमेरिकेतल्या मॅनेजमेंटच्या प्राध्यापकाची गोष्ट सांगितली, त्या माणसानं १९७४ ला आपल्या घरचाच किस्सा लिहून ठेवला होता. टेक्सासमधलं कोलमन गाव, जुलै महिना, मागच्या ओसरीत पंखा लावून चौघं डॉमिनो खेळून राहिले, थंड लिंबूपाणी, मजेत एकदम. सासरा म्हणते चला ॲबिलीनला जेवायला जाऊ. ५३ मैल, म्हणजे आपले ८५ किलोमीटर, १९५८ ची ब्युइक गाडी, तिला एसी नाही, बाहेर १०४ फॅरनहाइट. पोरगी म्हणते छान, जावई म्हणते सासूबाई येत असतील तं जाऊ, सासू म्हणते येते ना मी. धुळीत न्हाऊन गेले, बेकार जेवले, चार तासांनी परत आले. मग एकेक जण बोलायला लागला की मला तं जायचंच नव्हतं, आणि शेवटी सासरा म्हणाला की मलाही नव्हतं, तुम्ही लोक कंटाळले असाल म्हणून मी म्हटलं. याला ॲबिलीन पॅराडॉक्स म्हणतात म्हणे. लोक भांडले म्हणून चुकत नाहीत, सगळे एकमेकांना हो म्हणतात म्हणून चुकतात.

ड्रायव्हरनं विचारलं १०४ म्हणजे आपले किती. भाचा म्हणाला ४०. "४० तं आपल्याकडे गुढीपाडव्यालेच होते," म्हणाला आणि रेडिएटरमध्ये पाणी ओतायला गेला. सगळे हसले. आता आठवून पाहतो तं त्या हसण्यात आई नव्हती आणि बाबा दरीकडे पाहत होते.

आता होमस्टे. खोल्या दोन, स्वच्छ, चादरी धुतलेल्या, संडास-बाथरूम चकाचक, यात खोट नाही. हवा म्हणाल तं खालच्यापेक्षा सात-आठ डिग्री कमी असेल, रात्री पांघरूण लागलं, मे मध्ये पांघरूण, त्याचाच आईला जास्त अचंबा. गिझर फोटोत होता, प्रत्यक्षात बंबावरची बादली, ३० रुपये बादली. मेनूकार्डावर पनीर बटर मसाला, पनीर टिक्का, व्हेज कोल्हापुरी, नूडल्स. मेळघाटात बसून माणूस व्हेज कोल्हापुरी काहून खाईल हे मला समजत नाही, पण आम्ही तेच मागवलं ना! पोट्ट्यांनी नूडल्स, भाऊजींनी पनीर. माणूस घर सोडून इतक्या दूर येते आणि ओळखीचंच ताट मागते, मग मालक तरी दुसरं काय ठेवील.

दुसऱ्या दिवशी पॉइंट. मालकानंच जीप ठरवून दिली, ११ पॉइंट १८०० रुपये. भीमकुंडाला पाण्याचा टिपूस नाही, कीचकाला मारून भीमानं तिथं हात धुतले म्हणतात, आम्ही गेलो तेव्हा त्याला बिसलरी आणावी लागली असती. तरी फोटो काढलेच. पंचबोल पॉइंटवर आवाज दिला की दरीतून पाच वेळा परत येते, म्हणून तिथं तीस-चाळीस लोक एकाच वेळी ओरडून राहिले होते, आपापल्या पोरांची नावं, जय भवानी, कोणी नुसतंच हूऊऊ. माझी लहानी ओरडायची, लगेच माझ्याकडे पाहायची, "बाबा आला का?" आणि तेवढ्यात बाजूचा ओरडायचा. ऐकायला कोणी थांबतच नव्हतं. गाविलगडाला जीपवाल्यानं वीस मिनिटं दिली. १५ डिसेंबर १८०३ ला इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेनं जो किल्ला तोफा लावून लढून घेतला तो आम्ही दरवाजापासून दरवाजापर्यंत पाहून परत, कारण पुढचे पॉइंट राहिले असते.

सातव्या पॉइंटनंतर पोट्टे झोपले, आईचे गुडघे गेले, ताईला चक्कर आल्यासारखं. परत जाऊ असं एकानंही म्हटलं नाही, मीही नाही. १८०० दिले होते ना. अकराच्या अकरा केले, शेवटचे दोन तं गाडीत बसूनच. पैसे गेलेले असतात ते गेलेलेच असतात, वर आपण गुडघेही देतो. मालकाला सुचवतो, पाच पॉइंटची पण जीप ठेवा आणि पंचबोलला सकाळी सहाला न्या, गर्दीच्या आधी.

त्या रात्री साडेआठला लाइट गेली. इन्व्हर्टर आहे असं फोनवर सांगितलं होतं, तो दहा मिनिटं चालला. मोबाइल सगळ्यांचे उतरलेले. आम्ही बाहेर पडवीत चटया टाकून बसलो, काळाकुट्ट अंधार, कुठूनतरी म्हशीच्या गळ्यातली घंटा. आणि आई अंधारातच म्हणाली, "मले तं यावाचंच नव्हतं बाप्पा."

दोन सेकंद कोणी काही बोलेना. मग बाबा, "काहून म्हणलं नाही मंग?"

"तुमी म्हणाले म्हून आली."

"मले कुठं यावाचं होतं! जवाईबुवा पेपरात डोकं घालून बसले होते, कंटाळले असतीन म्हणलं."

भाऊजी म्हणाले, बाबा, मी वर्षातून पाच दिवस तुमच्या ओसरीत झोपायलाच येतो. ताई म्हणाली मला वाटलं वहिनीला बाहेर पडायचं असेल. बायको म्हणाली मला वाटलं ताईला. भाचा नुसता "ॲबिलीन, ॲबिलीन" करत लोळून राहिला होता आणि बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला, मी त्यांना असं हसताना आजोबांच्या तेरवीनंतर पाहिलंच नव्हतं. (तेरवीत काहून हसले ती गोष्ट वेगळी आहे.) दोन तास लाइट नव्हती. इन्व्हर्टरसाठी एक स्टार कापायचा होता, तो नाही कापला.

आई मधेच उठून गेली, बराच वेळ आली नाही म्हणून पाहायला गेलो तं स्वयंपाकघरात पाटावर बसलेली. होमस्टेला स्वयंपाक करणाऱ्या ताई कोरकू आदिवासी आहेत, जवळच्याच गावच्या, त्यांनी स्वतःसाठी चुलीवर कुटकीचा, म्हणजे एका बारीक भरडधान्याचा, भात आणि पातळ वरण केलं होतं, ते आईला वाढलं. दिव्याच्या उजेडात दोघी जेवून राहिल्या. आई मराठीत, त्या त्यांच्या मराठीत, विषय गुडघे. मी चव घेतली, बारीक दाणा, थोडा खरपूस वास, तुरीच्या वरणासोबत भल्ला लागते. मी मालकाला विचारलं मेनूत काहून नाही, म्हणाला, "टुरिस्ट नाही खात भाऊ." मी त्याला काय सांगणार, आदल्या रात्री मीच कोल्हापुरी खाल्ली होती.

आता जो एक स्टार खरोखर कापला तो. निघताना, गाडीत सामान चढलेलं, पोट्टे बसलेले, आणि मालक वही घेऊन आला. गरम पाण्याच्या बादल्या १४. आम्ही म्हणतो ९. ड्रायव्हरच्या झोपण्याचे वेगळे २००, हे आधी सांगितलंच नव्हतं. बाबांचा आवाज चढला, त्याचाही चढला, साडेतीनशे रुपयांसाठी दोन दिवसांचा सगळा गोडवा गेला. परतवाड्यापर्यंत गाडीत तोच विषय.

भाच्यानं यावरही सांगितलंच. डॅनियल काहनेमन, २००२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेला माणूस, त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी १९९३ मध्ये लोकांचे हात गार पाण्यात बुडवून पाहिले. एकदा १४ डिग्रीच्या पाण्यात ६० सेकंद. एकदा तेच ६० सेकंद आणि वर आणखी ३०, पण त्या ३० मध्ये पाणी हळूहळू एक डिग्रीनं कमी गार केलं. परत कोणतं करता म्हटल्यावर जास्त लोकांनी लांबचंच निवडलं, कारण त्याचा शेवट जरा बरा होता. किती वेळ त्रास झाला हे डोकं मोजत नाही म्हणे, सगळ्यात तीव्र क्षण आणि शेवट, एवढंच धरून ठेवते. तं मालकभाऊ, बादल्यांचा हिशोब आदल्या रात्रीच करून टाकत जा, जे भांडण व्हायचं ते अंधारात होऊ द्या, आणि सकाळी निघताना फक्त चहा द्या. तुमची चिखलदऱ्याची कॉफी असेल तं आणखीच चांगलं, तीही मेनूत नव्हती. दुसरा स्टार गिझरच्या फोटोचा.

जाणाऱ्यांसाठी: मे मध्ये धबधबे विसरा, पाणी पाहायचं तं पावसाळ्यात जा, पण शनिवार-रविवार टाळा, घाटात गाड्यांची रांग लागते. खवा, रबडी अवश्य घ्या. आणि जेवण स्वयंपाकघरात जाऊन विचारा, कार्ड पाहू नका.

भांडण चालू असतानाच त्या स्वयंपाकाच्या ताईंनी मागच्या दारानं येऊन आईच्या पिशवीत अर्धा किलो कुटकी टाकली होती, आम्हाला घरी आल्यावर समजलं. आईनं दोनदा करून पाहिली, एकदा लगदा झाला, एकदा खाली लागली. मालकानं हे वाचलं तं त्या ताईंना विचारून खाली लिहा, एका वाटीला पाणी किती टाकता.