गाडीच्या एसीचे पाणी आत गळते तेव्हा : वागळे इस्टेटमधील एका गॅरेजचे काम

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील या लहानशा एसी गॅरेजबद्दल सविस्तर लिहावेसे वाटले ते तेथील निदानाच्या पद्धतीमुळे. गाडीत पाणी गळते अशी तक्रार घेऊन गेलेल्या ग्राहकाला अनेक ठिकाणी तपासणीआधीच उपाय आणि खर्च ऐकवला जातो. येथे मात्र ते पाणी नेमके कोणते आणि ते कोठून येते, हे निश्चित होईपर्यंत एकाही स्क्रूला हात लावला गेला नाही, आणि माझ्या मते या सेवेचे खरे मोल त्यातच आहे.

आमची गाडी पेट्रोलवर चालणारी, बरीच वापरलेली हॅचबॅक आहे. पावसाळा सुरू झाल्यापासून चालकाशेजारच्या आसनासमोरील मॅट ओली राहू लागली, गाडीत कुबट वास भरला आणि वळण घेताना डॅशबोर्डच्या मागून पाणी हिंदकळल्याचा आवाज येऊ लागला. घराजवळच्या एका गॅरेजने गॅस गळत असल्याचे सांगून गॅस भरण्याचा सल्ला दिला, तर दुसऱ्या ठिकाणी संपूर्ण डॅशबोर्ड उतरवून कूलिंग कॉइल (एसीचा हवा थंड करणारा आतला भाग) बदलण्याचा अंदाजखर्च हाती ठेवला गेला. यांपैकी पहिला सल्ला तर मुळातच चुकीचा होता. आपल्याकडील बहुतेक गाड्यांत वापरला जाणारा आर-१३४ए हा वायू वातावरणाच्या दाबाला उणे २६ अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळतो. त्यामुळे तो गळला तर हवेत उडून जातो, मॅटवर त्याचे पाणी साचत नाही.

वागळे इस्टेटमधील मिस्त्रींनी विचारलेला पहिलाच प्रश्न अचूक होता : "साहेब, एसी लावून गाडी उभी केली की खाली पाणी पडतं का?" मी आठवून पाहिले, तर गेल्या काही आठवड्यांत गाडीखालची जमीन कोरडीच दिसत होती. पुष्कळ लोक गाडीखाली पडणारे थेंब पाहून घाबरतात, पण ते निरोगी एसीचे लक्षण असते. ३० अंश तापमानाच्या पूर्ण दमट हवेच्या एका घनमीटरमध्ये सुमारे ३० ग्रॅम बाष्प असते. तीच हवा ५ अंशांपर्यंत थंड केली तर तिच्यात जेमतेम ७ ग्रॅम मावते. उरलेले सगळे पाणी कूलिंग कॉइलच्या पातळ पत्र्यांवर जमते, खालच्या ट्रेमध्ये उतरते आणि ड्रेन पाइपमधून फायरवॉलच्या (इंजिन आणि प्रवाशांची जागा यांमधल्या पत्र्याच्या) पलीकडे, इंजिनच्या बाजूला रस्त्यावर पडते. मुंबई, ठाणे आणि कोकण किनाऱ्यावरच्या दमट हवेत, विशेषतः काचेवरचे धुके घालवण्यासाठी भर पावसातही एसी चालू ठेवावा लागतो तेव्हा, हे पाणी थोडेथोडके नसते. अशा हवेत बराच वेळ एसी चालूनही खालची जमीन कोरडी राहत असेल, तर ते पाणी कोठे जात आहे हे शोधायलाच हवे.

प्रश्नाच्या उत्तरावरून दिशा स्पष्ट झाली असली, तरी मिस्त्रींनी बाकीच्या शक्यता गृहीत धरून सोडून दिल्या नाहीत. डाव्या बाजूला पायाशी साचणारे पाणी तीन वाटांनी येऊ शकते. एक, एसीचे स्वतःचे पाणी. दोन, पावसाचे पाणी, जे वायपरखालच्या जाळीत पाने अडकून तुंबते आणि ब्लोअरच्या (आत हवा ढकलणाऱ्या पंख्याच्या) तोंडातून किंवा काचेच्या जुन्या सीलंटमधून आत झिरपते. तीन, हीटर कोअरमधून (गाडीत ऊब देणाऱ्या, डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमधून) गळणारे कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, आणि हे सर्वांत गंभीर, कारण त्यामुळे इंजिन तापण्याचा धोका असतो. मिस्त्रींनी ओल्या कार्पेटवर पांढरा टिश्यू पेपर दाबून धरला आणि मला दाखवला. त्यावर हिरवट किंवा गुलाबी छटा नव्हती, गोडसर वास नव्हता, बोटांना बुळबुळीतपणा लागत नव्हता. बॉनेट उघडून कूलंटच्या टाकीतील पातळी पाहिली, ती खुणेवर होती. पुढच्या काचेच्या आतल्या बाजूला तेलकट धुकेही बसत नव्हते. हीटर कोअर निर्दोष ठरला. (कूलंट विषारी असते, म्हणून त्याची चव घेऊन पाहण्याचा काही लोकांचा प्रघात अत्यंत धोक्याचा आहे, आणि गाडीत लहान मुले बसत असतील तर ही तपासणी लांबणीवर टाकू नये.)

पावसाच्या पाण्याची परीक्षा त्यांनी ज्या शिस्तीने घेतली, ती मला विशेष आवडली. एसी पूर्ण बंद ठेवून ग्लव्ह बॉक्सखाली, फायरवॉलला लागून आणि दाराच्या उंबऱ्याशी कोरडी वर्तमानपत्रे अंथरली. मग एका मुलाने बाहेरून काचेच्या पायथ्याशी, नंतर दारावर, नंतर छतावर पाइपने पाणी सोडले. प्रत्येक टप्प्यानंतर कागद तपासले गेले. सगळे एकदम भिजवले तर आत आलेल्या पाण्याचा माग लागत नाही, म्हणून हा क्रम आवश्यक असतो. कागद कोरडे राहिले. त्यानंतर एसी सुरू केला आणि काही वेळातच ग्लव्ह बॉक्सखालच्या कागदावर, नेमका कूलिंग कॉइलच्या खोक्याच्या सांध्याखाली, पहिला ओला ठिपका उमटला.

यानंतर गाडी रॅम्पवर घेतली गेली. ड्रेन पाइपचे टोक खालून शोधून त्यांनी मला टॉर्चच्या प्रकाशात दाखवले : त्यातून एक थेंबही पडत नव्हता. मऊ नायलॉनची तार हळूहळू आत सरकवली आणि नंतर अगदी कमी दाबाची हवा सोडली. दाब कमी का, असे विचारल्यावर मिळालेले उत्तर लक्षात ठेवण्यासारखे आहे. पूर्ण दाबाची हवा मारली तर पाइप खोक्याच्या तोंडापासून निसटू शकतो, आणि मग बाहेर तर काही पडत नाहीच, उलट सगळे पाणी कायमचे आत गळू लागते. कडक लोखंडी तारेनेही प्लॅस्टिकचा ट्रे फुटू शकतो. तार बाहेर येताच करड्या चिखलाचा गोळा, पानांचे तुकडे आणि चिकट शेवाळ खाली पडले, आणि पाठोपाठ पाण्याची धार लागली. वळणावर हिंदकळणारे पाणी ते हेच.

पुष्कळ गॅरेजमध्ये काम येथे संपते. येथे मात्र मिस्त्रींनी ब्लोअरच्या बाजूची एक छोटी खाच उघडून मापाच्या बाटलीतून अर्धा लीटर पाणी कॉइलवर सोडले आणि खाली मापाचे भांडे ठेवून ते किती वेळात, किती बाहेर येते हे पाहिले. जवळजवळ सगळे पाणी सरळ खाली आले आणि आतले कागद कोरडे राहिले, तेव्हाच त्यांनी पाइप मोकळा झाल्याचे मान्य केले. पाण्याच्या कामाची खात्री पाण्यानेच करून दाखवायला हवी, आणि ही चाचणी प्रत्येक ग्राहकाने आग्रहाने मागावी असे मला वाटते.

मग कचरा आला कोठून, हा प्रश्नही त्यांनी सोडला नाही. ग्लव्ह बॉक्समागचा एसी फिल्टर बाहेर काढला, तर तो एका कडेने फाटलेला आणि धुळीने कोंदलेला होता. फाटलेल्या बाजूने पानांचा चुरा कॉइलपर्यंत जात होता आणि कोंदलेल्या बाजूमुळे कॉइलवरून वाहणारी हवा कमी झाली होती. हवा कमी झाली की कॉइलवर बर्फ धरू शकतो, आणि एसी बंद केल्यावर तो एकदम वितळला की ट्रे भरून वाहतो. लांबच्या प्रवासात तासाभराने झोत मंदावणे, जाळीतून वाफेसारखे धुके येणे आणि गाडी थांबवल्यावर पायाशी पाणी सांडणे ही त्याची चिन्हे आहेत. कॉइलचे तापमान मोजणारा सेन्सर बिघडला किंवा गॅस कमी झाला तरी असा बर्फ धरतो. गॅसचा आणि आतल्या पाण्याचा संबंध असलाच तर तो या मार्गाने असतो, आणि म्हणूनच मिस्त्रींनी शेवटी गेज लावून दाब पाहिला, झोतात थर्मामीटर धरला आणि गॅस पुरेसा असल्याने भरण्याची गरज नाही असे स्पष्ट सांगितले. बिल वाढवण्याची आयती संधी असताना त्यांनी ती घेतली नाही, याची नोंद करणे मला कर्तव्य वाटते.

कार्पेटच्या बाबतीत त्यांचा आग्रह मला आरंभी अनाठायी वाटला होता, पण तो योग्यच होता. गाडीचे कार्पेट वरून कोरडे लागले, तरी खालचा जाड फोम कित्येक दिवस पाणी धरून ठेवतो. त्यातून बुरशी, कुबट वास, पत्र्याला गंज आणि आसनाखालून जाणाऱ्या वायरींच्या जोडण्यांवर हिरवट थर असे एकामागून एक त्रास सुरू होतात. पावसाळ्यात ऊन मिळत नाही, म्हणून गाडी रात्रभर त्यांच्याकडेच ठेवावी लागली. डावे आसन काढून, कार्पेट उचलून, खाली पंख्याचा झोत सोडून फोम वाळवला आणि वायरींच्या जोडण्या पुसून तपासल्या. नुसता पाइप साफ करून मी गाडी घरी नेली असती, तर गळती थांबूनही वास तसाच राहिला असता.

आता उणिवा. जागा अत्यंत अपुरी आहे. ग्राहकाला बसायला एक बाकही नाही आणि गाडी लावायला रस्त्याची कडाच शोधावी लागते. फोन क्वचितच उचलला जातो. "संध्याकाळपर्यंत" असे सांगितलेले काम दुसऱ्या दिवशी दुपारी मिळाले, आणि त्याची पूर्वसूचना मलाच विचारून घ्यावी लागली. सर्वांत खटकलेली गोष्ट बिलाची आहे. तपासणी इतकी पद्धतशीर केली, तरी बिलावर फक्त "एसी काम आणि फिल्टर" एवढेच लिहिलेले होते. कोणत्या चाचण्या झाल्या, दाब किती होता, हे चार ओळींत लिहून दिले असते तर पुढच्या वेळी ग्राहकाला आणि त्यांनाही उपयोग झाला असता. नवा फिल्टर, आसन काढणे आणि कार्पेट वाळवणे धरून रक्कम अडीच हजारांच्या आत बसली. डॅशबोर्ड उतरवण्याच्या अंदाजखर्चापुढे ती फारच कमी आहे.

कॉइलवर फवारण्याचा फेस त्यांनी वेगळे पैसे आकारून सुचवला होता, पण मी तो घेतला नाही. वासावर त्याचा काही काळ उपयोग होतो हे खरे असले, तरी तुंबलेल्या पाइपवर तो उपाय नाही, आणि पाइप मोकळा नसताना तो फवारला तर सगळा फेस ट्रेमध्येच साचून राहतो. मिस्त्रींनीही हे प्रामाणिकपणे मान्य केले.

काही गाड्यांसाठी मात्र हे ठिकाण योग्य नाही. नव्या पिढीच्या काही गाड्यांत वापरला जाणारा आर-१२३४वायएफ हा गॅस सौम्य ज्वलनशील असतो आणि त्यासाठी वेगळे यंत्र लागते. ते यंत्र येथे नाही, आणि तसे ते स्वतःहून सांगतात. बॉनेटखालच्या स्टिकरवर गॅसचे नाव लिहिलेले असते, ते पाहूनच जावे. गाडी वॉरंटीत असेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरलाच जाणे शहाणपणाचे. बाकीच्यांनी सकाळी गॅरेज उघडतानाच पोहोचावे, मॅट काढून कार्पेट ओले आहे तसेच ठेवावे, घरी पुसून नेऊ नये, आणि तपासणी होईपर्यंत तेथेच थांबण्याइतका वेळ हाताशी ठेवावा, कारण कागद कोठे भिजतो हे मिस्त्री ग्राहकाला उभे करूनच दाखवतात.