मांडववाल्याने बांधलेला सुक्का

सुक्कोत या ज्यू सणासाठी यंदा अंगणात सुक्का, म्हणजे सणाच्या दिवसांत जेवायला-राहायला बांधतात तो पाल्याच्या छपराचा तात्पुरता मांडव, उभारण्याचे काम आम्ही अलिबागजवळच्या एका मांडववाल्याला दिले. बांधणी उत्तम झाली: बांबू ताठ, सुंभाच्या गाठी घट्ट, आणि वर माडाच्या ताज्या तोडलेल्या झावळ्या अशा अंथरलेल्या, की आत उन्हापेक्षा सावली जास्त पडावी. तक्रार आहे ती जागेची. मी घरी नसताना त्याने मांडव शेजारी सुकत घातलेल्या बोंबलांच्या अगदी लगत उभा केला.

तालमुदाचा, म्हणजे ज्यू धर्मशास्त्राच्या मुख्य ग्रंथाचा, नियम असा, की सुक्कात बसून ज्याला त्रास होतो तो तिथे बसण्याच्या कर्तव्यातून मोकळा होतो. वारा, माश्या, दुर्गंधी ही कारणे शास्त्राला मान्य आहेत. पावसाबद्दल मिश्ना, म्हणजे तालमुदाचा मूळ भाग, म्हणते, की पेज नासेल इतका पडला की उठावे. माणसाच्या जिवाची एवढी कदर करणारा हा नियम मला फार जवळचा वाटतो. मात्र ही सवलत अवचित आलेल्या त्रासासाठी आहे. वास येणार हे ठाऊक असलेल्या जागी सुक्का बांधून मग सुटका मागता येत नाही.

हे सांगताच त्याने कुरकुर न करता सणाच्या आदल्या सकाळी सारा मांडव विहिरीकडे हलवला. जादा पैसे घेतले, ते रास्तच होते. तिसऱ्या रात्री पाऊस आला, थेंब वरणभातात पडू लागले, तेव्हा ताटे उचलून आम्ही निर्धास्तपणे घरात गेलो. ताडपत्री टाकायला तो तयार होता, पण पाल्यावर ती टाकली की सुक्का हा सुक्का राहत नाही. पुढच्या वर्षीही काम त्यालाच देणार आहे. जागा मात्र मी स्वतः उभा राहून दाखवीन.