प्रायव्हेट प्रेप हायस्कूल: मुलीची दोन वर्षं होत आली, पैसे कशाचे गेले ते सांगते

न्यू जर्सीत आमच्या ओळखीतल्या बहुतेकांनी घर घेतानाच शाळा बघितलेली असते. एडिसन काय, वेस्ट विंडसर काय, पब्लिक हायस्कूल नावाजलेलं असलं की घर महाग आणि त्या शाळा ज्यातून चालतात तो प्रॉपर्टी टॅक्स डोळे पांढरे करणारा. तो टॅक्स भरून वर मुलीला प्रायव्हेट कॉलेज-प्रेप (कॉलेजसाठी तयार करणाऱ्या) शाळेत घातलं म्हटल्यावर मंडळाच्या कार्यक्रमात पहिला प्रश्न येतो, "का गं?" आणि बटाटेवडा संपायच्या आत दुसरा, "मग आयव्ही नक्की ना?"

दुसऱ्याचं उत्तर आधी देते. आयव्ही म्हणजे हार्वर्ड-येलसारखी नामांकित कॉलेजं, त्यांची खात्री? नाही. शाळा असं कुठेही लिहून देत नाही, आणि कोणी तोंडी सूचित केलं तर तिथून उठावं. गेल्या वर्षीच्या मुलांच्या कॉलेजांच्या यादीत मोठी नावं होती तशी रटगर्सला, म्हणजे आपल्याच राज्याच्या सरकारी विद्यापीठात, गेलेली मुलंही होती. रटगर्सला तर आमच्या पब्लिक हायस्कूलमधूनही दरवर्षी ढीगभर मुलं जातात, शाळा फुकट शिकून.

मुलगी दहावीत तिथे गेली, आता अकरावी संपत आली. डे स्कूल आहे, म्हणजे वसतिगृह नाही. एका इयत्तेत नव्वदेक मुलं. पब्लिकमध्ये पाचशेच्या वर होती. फी वर्षाला पन्नास हजार डॉलरच्या घरात.

सगळ्यात जास्त काय मिळालं, तर बोलणं आणि लिहिणं. इतिहास आणि इंग्रजीचे तास हार्कनेस टेबलावर होतात. न्यू हॅम्पशरच्या फिलिप्स एक्सेटर अकॅडमीला एडवर्ड हार्कनेस नावाच्या धनिकाने १९३० मध्ये मोठी देणगी दिली, ती मुलांनी बाकांच्या रांगांत न बसता शिक्षकासोबत एका टेबलाभोवती बसून शिकावं म्हणून. तिथून ही पद्धत बऱ्याच प्रायव्हेट शाळांनी उचलली. पालकांच्या दिवशी मी मागे खुर्ची टाकून असा एक तास बघितला. विषय होता यादवी युद्धानंतरचा रीकन्स्ट्रक्शनचा काळ आणि चौदावी घटनादुरुस्ती. टेबलाभोवती बारा-तेरा मुलं. बाई जवळजवळ काही बोलल्याच नाहीत. त्यांनी कागदावर एक लंबगोल काढला होता, कडेने मुलांची नावं, आणि कोण कोणाला उद्देशून बोललं त्याच्या रेघा मारत होत्या. तास संपताना तो कागद मधोमध ठेवला. एका मुलाच्या नावापाशी रेघांचा गुंता झालेला, आमच्या कन्येच्या नावापाशी जेमतेम दोन. बाईंनी त्या मुलाला सांगितलं, "उद्या तू फक्त प्रश्न विचारायचेस." आणि हिला, "उद्याची सुरुवात तुझी." रागावणं नाही, कौतुक नाही. पब्लिकमध्ये हिला सगळ्या विषयांत ए होता आणि एकाही शिक्षकाला तिचा आवाज माहीत नसावा. आता ती घरी जेवताना वाद घालते, तो वेगळा विषय.

लिहिण्याचं तसंच. पाच पानांचा एक पेपर तीनदा परत आला. दुसऱ्या खेपेला समासात लिहिलं होतं, "हे कोण म्हणतंय, तू की तुझं पुस्तक?" मग शिक्षकासोबत अर्धा तास बसून त्या एकाच परिच्छेदाची चिरफाड. हे शिक्षक पब्लिकमधल्यांपेक्षा हुशार आहेत असं मला वाटत नाही. यांच्याकडे एकूण पन्नास-साठ मुलं असतात आणि पब्लिकच्या शिक्षकाकडे त्याच्या दुपटीहून जास्त, एवढाच फरक. तीन-तीन मसुदे वाचायला वेळ लागतो, आणि फी मुख्यतः त्या वेळेची आहे.

गणित आणि सायन्सला मात्र हात आखडता आहे, आणि आपल्या लोकांना हे आधी सांगायला हवं. आमच्या डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे आमच्या भागातल्या पब्लिक शाळांत, गणितात पुढे असलेली मुलं अकरावीतच कॅल्क्युलस बीसी हा कॉलेजच्या पातळीचा कोर्स संपवतात आणि बारावीत त्यापुढचं घेतात. इथे तिकडे जाणारी वाट अरुंद आहे, कारण नव्वद मुलांत त्या वर्गाला पुरेशी मुलंच मिळत नाहीत. एपी, म्हणजे हायस्कूलमध्येच घ्यायचे कॉलेजच्या पातळीचे कोर्सही मोजकेच. वॉशिंग्टन परिसरातल्या आठ प्रायव्हेट शाळांनी २०१८ मध्ये एकत्र जाहीर केलं होतं की २०२२ पर्यंत एपी बंद करू. आमच्या शाळेचाही कल तिकडेच. ज्याला हवी तो मे महिन्यात एपीची परीक्षा देऊ शकतो, तयारी आपली आपण. काउन्सेलर म्हणतात काळजी नको: अर्जासोबत शाळेची माहिती जाते, तिथे कोणते कोर्स मिळतात हे कॉलेजला कळतं आणि मुलाला त्याच मापाने तोलतात. पटतं. पण शेजारच्या मुलाचे अकरा एपी ऐकले की पोटात गोळा येतोच.

कॉलेज प्रवेशाच्या एसएटी परीक्षेचंही तेच. "प्रेप" शब्दावरून लोकांना वाटतं शाळा क्लास घेत असेल. अजिबात नाही. ऑक्टोबरमध्ये पीएसएटी ही तिची पूर्वपरीक्षा होते, बास. एसएटी २०२४ पासून लॅपटॉपवर झाली, सव्वादोन तासांच्या आत संपते, पण एमआयटी, ब्राऊन, डार्टमथ यांनी ती किंवा एसीटी ही तशीच परीक्षा पुन्हा सक्तीची केल्यावर शाळेतली निम्मी मुलं बाहेर ट्यूटर लावतात. म्हणजे पन्नास हजार भरून वर शिकवणी. पुण्यात निदान क्लासवाल्याला कॉलेजपेक्षा जास्त फी देतोय हे उघड असायचं.

कॉलेज काउन्सेलिंग मात्र खरोखर चांगलं. अमेरिकेत सरासरी एका स्कूल काउन्सेलरच्या वाट्याला पावणेचारशेच्या आसपास मुलं येतात. त्यांच्याच संघटनेची शिफारस अडीचशेची आहे. इथे एकेकाकडे अकरावीची तीसेक मुलं. जानेवारीपासून बैठका सुरू झाल्या. कॉमन अॅप या अनेक कॉलेजांना चालणाऱ्या एकाच अर्जाचा साडेसहाशे शब्दांचा निबंध इंग्रजीच्या तासालाच सुरू करून घेतायत, म्हणजे एक ऑगस्टला अर्ज उघडले की हातात काहीतरी असेल. आणि पालकांनाही पत्र लिहायला लावलं: तुमच्या मुलीबद्दल सांगा, मोकळेपणाने कौतुक करा. आम्ही नवरा-बायको दोन संध्याकाळी कोऱ्या स्क्रीनसमोर बसलो. "अभ्यासू आहे, मोठ्यांचा मान ठेवते" याच्या पुढे गाडी जाईना. काउन्सेलरने फोनवर विचारलं, "ती रविवारी दुपारी काय करते?" त्यावर मी वीस मिनिटं बोलले. तेच लिहा, म्हणाली.

आता पैशाचं. मदत मिळते, पण ती गरजेनुसार, टॅक्स रिटर्न तपासून. दोन पगारांच्या आयटीवाल्या घराला फार आशा नाही. ५२९ या शिक्षणासाठीच्या करबचतीच्या खात्यातून शाळेच्या फीसाठी वर्षाला दहा हजारच काढता यायचे, २०२६ पासून मर्यादा वीस हजार झाली, तेवढाच टेकू. नफा न कमावणारी शाळा वीस मैलांच्या आत असेल तर डिस्ट्रिक्ट बस देतं किंवा त्याऐवजी थोडे पैसे. आम्हाला पैसे मिळाले, गाडी मी चालवते. शिवाय पुस्तकं, सहली, खेळाचे कपडे वेगळे. सगळ्यात डोक्यात जातो तो देणगीचा फोन. "ऐच्छिक" म्हणतात आणि मग किती टक्के पालकांनी दिली त्याची ईमेल दर आठवड्याला पाठवतात.

खेळ प्रत्येक सीझनला सक्तीचा, निदान नाटकात तरी काम करायचं. हिने क्रॉस कंट्री घेतलं कारण तिथे कुणाला काढत नाहीत. शेवटून तिसरी येते, खूश असते. दिवाळीला सुट्टी नाही, डिस्ट्रिक्टमध्ये आहे. जेवण फीमध्येच, शाकाहारी मुलांचं निभतं. मैत्रिणी चांगल्या मिळाल्या, पण स्प्रिंग ब्रेकला कोण कुठल्या देशात जाणार या गप्पांत ती गप्प बसते. तिथे टेबल कामाला येत नाही.

हिच्यासाठी मी पुन्हा हेच करेन. गर्दीत हरवणारं मूल होतं, तिला बारा जणांत बसवणं गरजेचं होतं. धाकट्याला मात्र तिथे घालणार नाही. तो सातवीत आहे, गणितात रमतो, बोलायला त्याला कुणी टेबल द्यावं लागत नाही. आठवीत तो काउंटीच्या मॅग्नेट अकॅडमीची, म्हणजे निवडक मुलांच्या खास हायस्कूलची, प्रवेश परीक्षा देणार. ती पब्लिक आहे, फी नाही. नाही मिळाली तर घराजवळचं हायस्कूल आहेच, टॅक्स तसाही भरतोच आहोत.