पीएचपीचे पीडीओ : मराठी ग्रंथसूचीच्या कसोटीवर

वडोदऱ्यात दांडिया बाजारात असलेल्या आमच्या मंडळाच्या ग्रंथालयाची सूची मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये आहे आणि तिची वेबपाने पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेली आहेत. जुना कोड पीएचपीला डेटाबेसशी जोडणाऱ्या ज्या 'मायएसक्यूएल' एक्स्टेन्शनवर चालत होता, ते २०१५ साली पीएचपी ७.० मधून काढून टाकण्यात आले. तरीही होस्टिंगवाल्यांनी जुनी आवृत्ती बरीच वर्षे चालू ठेवली आणि मग सूचना न देता एके दिवशी बदलली. नव्याने लिहिताना डेटाबेसशी जोडणीसाठी पीएचपीतले मायएसक्यूएलआय वापरावे की पीडीओ (पीएचपी डेटा ऑब्जेक्ट्स), एवढाच प्रश्न होता.

मायएसक्यूएलआय वाईट नाही, परंतु त्यात क्वेरीतील, म्हणजे डेटाबेसला विचारायच्या प्रश्नातील, प्रत्येक मूल्याच्या जागी नुसते प्रश्नचिन्ह द्यावे लागते. लेखक, विषय, प्रकाशक आणि वर्ष यांपैकी वाचक काहीही भरेल किंवा रिकामे सोडेल, अशा शोधपानावर ती चिन्हे क्रमाने जुळवत बसणे जिकिरीचे होते. पीडीओमध्ये त्या जागांना नावे देता येतात, आणि वाचकाने टाइप केलेला मजकूर क्वेरीत थेट चिकटवण्याची वेळच येत नाही.

मराठीसाठी निर्णायक बाब मात्र जोडणीच्या एका ओळीत आहे. टेबल नीट असूनही जोडणीचा कॅरेक्टर सेट (अक्षरे साठवण्याची सांकेतिक पद्धत) देवनागरी नसलेला लॅटिन१ राहिला, तर डेटाबेस हाताळण्याच्या पीएचपीमायअॅडमिन या साधनामध्ये स्वच्छ दिसणारे पुस्तकाचे नाव आपल्या पानावर प्रश्नचिन्हांची रांग होऊन उमटते. डेटाबेसच्या नावापुढे 'कॅरसेट=यूटीएफ८एमबी४' लिहिले की हा त्रास संपतो. देवनागरी अक्षरे तीन बाइटांची असल्याने जुन्या यूटीएफ८ मध्येही ती मावतात. अभिप्रायांत इमोजी येऊ लागले की चौथा बाइट लागतो.

तक्रारी दोन आहेत. मायएसक्यूएलसाठी पीडीओ मूळ सेटिंगमध्ये तयार क्वेरीचे (जिच्यात मूल्ये डेटाबेसकडे वेगळी पाठवली जातात) नुसते सोंग करते, त्यामुळे पान-क्रमांकासाठी 'लिमिट'ला (किती नोंदी आणायच्या ते सांगणाऱ्या भागाला) दिलेला आकडा अवतरणचिन्हांत जातो आणि क्वेरी अडते. हे सोंग करणारे 'एम्युलेट प्रिपेअर्स' सेटिंग बंद केले की ती चालते. दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे : जोडणी फसली आणि त्यातून उठलेला अपवाद (एक्सेप्शन) कोडने पकडलेला नसला, तर त्रुटी-संदेशात पासवर्डही छापला जाऊ शकत असे. पीएचपी ८.२ पासून तो झाकला जातो, परंतु स्वस्त होस्टिंगवर अजूनही जुन्या आवृत्त्या भेटतात. तेथे जोडणीची ओळ अपवाद पकडणाऱ्या 'ट्राय-कॅच'मध्येच लिहावी आणि त्रुटी पानावर दाखवणारे 'डिस्प्ले एरर्स' बंद ठेवावे.